मढ्यांच्या मालिकेत आम्ही दोघं

कौसानं शेवटचं जे काम केलं ते म्हणजे माझं तोंड पुसलं. ओट्यावर बसून, जुन्या लुगड्याचा तुकडा करडईच्या तेलात बुडवून, रोज पुसायची तसंच. दिवसभर माझ्या तोंडाला राखाडी रंग असायचा, गालाला चिकटवलेलं खोटं कातडं असायचं, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं लाल काहीतरी असायचं. ते साबणानं निघत नसे. पहिल्या दिवशी तिनं साबण, राख, चिंच सगळं करून बघितलं आणि मग तेलावर आली. बारा दिवस हेच चाललं होतं, त्यामुळं त्यात कुणाला नवल राहिलं नव्हतं. एका हातानं माझी हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हातानं रगडायची. मी म्हणायचो, "हळू की, कातडं माझं हाय." ती म्हणायची, "कुठलं तुमचं अन् कुठलं त्यांचं, मला कसं कळावं." त्या दिवशी कानामागं रंग राहिला होता, तो तिनं मला पुन्हा बसवून काढला. मग तुकडा पिळला आणि म्हणाली, "झालात जिते. चहाचं आधण ठिवते." आत गेली, आधण ठेवलं, आणि छातीत जड वाटतंय म्हणून जरा आडवी झाली. दिवस अजून मावळला नव्हता. पाणी उकळून आटलं, भांडं करपल्याचा वास आला, तेव्हा मी आत गेलो. बाकीचं लिहीत नाही.

या वहीत आतापर्यंत मी लहानपणचं लिहिलं. आता ऊसतोडीच्या पहिल्या सालाचं लिहायचं होतं, म्हणजे मी पोराचा माणूस कसा झालो ते. पण ते साल मला ह्या मालिकेच्या वाटेनंच सांगावं लागणार, दुसऱ्या वाटेनं ते येतच नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. मागचं पुढं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नसेल घ्यायचं तर वही मिटावी.

आमचं गाव नेकनूरच्या पलीकडं. दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. टोळ्या ट्रकात बसून साखर कारखान्यांवर जातात, घरांना कुलपं लागतात, शाळेत सात-आठ पोरं उरतात, आणि मागं राहतो आम्ही म्हातारे, शेळ्या आणि कुत्री. आमचा पोरगा आणि सून पण त्यातच. अशात एक दिवस पांढऱ्या गाडीतून चार माणसं आली आणि गल्लीगल्लीनं हिंडून कुलपांचे फोटो काढायला लागली. आम्हाला वाटलं जप्तीवाले. ते निघाले टीव्हीचे. त्यांना म्हणे असं गाव पाहिजे होतं जिथं सगळी माणसं मेली आहेत असं वाटावं. त्यांचा साहेब पारावर उभा राहून म्हणाला, "परफेक्ट आहे." मी म्हटलं, "साहेब, मेलेली न्हाईत, उसाला गेल्यात." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मालिकेची गोष्ट अशी होती. एक रोग येतो. माणसं मरतात आणि मेलेली उठून चालायला लागतात. ज्याला चावतात तोही तसाच होतो. त्यांना ते झॉम्बी म्हणत, आम्ही आमच्या भाषेत मढी म्हणायचो. गावात जी थोडी जिती माणसं उरतात त्यांच्यात दोन तट पडतात, कारण चांगल्या पाण्याची विहीर एकच. बाहेर मढी, आत भांडणं, आणि शेवटपर्यंत कोण टिकतं एवढाच सवाल. कौसाला गोष्ट ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "यात नवं काय हाय? उन्हाळ्यात टँकर येतो तवा असंच असतंय, फकस्त चावत न्हाईत."

निवड शाळेच्या पटांगणात झाली. साहेब मला म्हणाला, "बाबा, जोरात म्हणा, ही विहीर आमची आहे."

"हीर ग्रामपंचायतीची हाय," मी म्हटलं.

"हो, पण मालिकेत तुमची."

"मालिका दोन महिन्यांनी जाईल. सरपंच हितंच ऱ्हातो."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या सायली नावाच्या पोरीला सांगितलं, "यांना मढ्यांत घ्या." माझ्यामागं रंभाजी उभा होता. रंभाजी माझ्याच वयाचा, खालच्या आळीचा. आम्ही एका टोळीत ऊस तोडला, एका साली लग्नं झाली आणि एकमेकांच्या पुढं जाण्यात आमचा जन्म गेला. त्यानं पटका नीट केला, छाती काढली आणि विहीर आमची आहे असं ओरडला की शाळेच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. त्याला एका तटाचा म्होरक्या केलं. मग कौसाची पाळी आली. तिनं विचारलं, "हे कुणाला म्हणायचं?" साहेबानं रंभाजीकडं बोट केलं. ती त्याच्याकडं बघून साध्या आवाजात म्हणाली, "रंभाजीभाऊ, पाणी भरायचं आसंल तर आधी इचारायचं."  साहेब उठून उभाच राहिला. अशी माझी बायको दुसऱ्या तटाची म्होरकी झाली. मी तिचा नवरा, पहिल्याच भागात मेलेला आणि तिच्या घराभोवती घिरट्या घालणारा.

रंभाजी येता-जाता मला म्हणायचा, "कावून बे मढ्या, बायको जिती अन् तू गेलास?" मी म्हणायचो, "तुझ्यापरीस बरा दिसतो."

मढ्यासारखं चालायला शिकवायला पुण्याहून एक माणूस आणला होता. पाय ओढत, मान वाकडी करून, एक खांदा पाडून चालायचं. त्यानं आम्हाला एकदा सरळ चालून दाखवा म्हटलं. आम्ही वीस-बावीस म्हातारे चाललो. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची कंबर, कुणाच्या पायात जुना काटा. तो माणूस दुसऱ्या दिवशी परत गेला. त्याचं काम उरलं नव्हतं.

जित्या माणसांच्या राहण्यासाठी त्यांना गावाबाहेर झोपड्या पाहिजे होत्या. त्यांनी कापडी तंबू आणले. कौसानं एक तंबू हातानं चाचपून बघितला आणि म्हणाली, "ह्यात कोण जगंल? कोपी घाला." ऊसतोडीच्या कोपीला बांबूच्या ताट्या लागतात, वर उसाचं पाचट आणि पाठीसारखा गोल बाक. साहेबाला काही कळेना, मग आम्हीच सगळ्यांनी मिळून सहा कोप्या उभ्या केल्या. बायका ताट्या वाकवत होत्या, आम्ही गाठी मारत होतो. रंभाजी न सांगता माझ्या समोरच्या टोकाला येऊन ताटी धरून उभा राहिला, कारण ताटी एकट्याला वाकत नाही. तिसऱ्या कोपीला मी आत वाकून शिरलो आणि पाचटाचा तो वास नाकात गेला, कोरडा, गोडसर, जरा कुबट. मी तिथंच खाली बसलो. मी वीस वर्षांचा झालो होतो.

आमची पहिली कोपी नदीकाठच्या मुलखात होती, कारखान्याच्या फडांमध्ये. आत दोन माणसं, एक चूल, एक पत्र्याची पेटी आणि वर टांगलेली पाण्याची कळशी. पहाटे अंधारातच बैलांच्या घुंगरांचा आवाज व्हायचा, मग शेजारच्या कोपीतला खोकला, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज एका कोपीतून दुसऱ्या कोपीत जात जात सगळ्या तळावर पसरायचा. मी अजूनही तो आवाज ऐकला की जागा होतो, भले थापणारं कुणी नसो. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि गुळाचा काळा चहा. फडात कुठं तांदूळजा उगवलेला दिसला तर कौसा पदरात खुडून आणायची आणि त्या दिवशी सण असायचा. उजाडलं की फडात खच खच सुरू. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, मग दोघं मिळून गाडी भरतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात तिथं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला टोळीत घ्यायला नाखूश असतो. कौसा तेव्हा एवढी बारकी होती की मुकादम आमच्या जोडीला पाऊण कोयता म्हणायचा. सगळ्यांपुढं म्हणायचा. रंभाजी हसायचा. त्याची बायको चंद्रभागा धिप्पाड होती, डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून गाडीत चढायची ती बघत राहावं अशी. मला तिचा राग नव्हता. रंभाजीचा होता.

ज्याची गाडी आधी भरेल ती कारखान्यावर आधी जायची. जी मागं राहील तिला दिवसभर रांगेत उन्हात उभं राहावं लागायचं, बैलांसकट. रंभाजी रोज पुढं. एक दिवस मी ठरवलं की आज याला मागं टाकायचा. ऊस तोडायचा म्हणजे बुडख्यातून, जमिनीला घासून. साखर बुडातच जास्त असते. पण त्याला प्रत्येक उसामागं कमरेत पुरतं वाकावं लागतं. मी त्या दिवशी कमी वाकलो. वीतभर वरून तोडत सुटलो. हात असा चालला की काय सांगू. कौसा मागून मोळ्या बांधत होती, तिनं खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढची मोळी बांधली. आमची गाडी रंभाजीच्या अर्धा तास आधी भरली. मी गाडीवर उभा राहून त्याच्या पातीवरून, म्हणजे त्याच्या वाट्याच्या उसापाशून, गाडी नेली, बैलांना उगाच ओरडत. रिकामी गाडी घेऊन माघारी येईपर्यंत मी गाणी म्हणत आलो. तळावर सगळ्यांना सांगितलं की पाऊण कोयत्यानं आज काय केलं बघा.

संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटात भाकरीशेजारी उसाचं एक वीतभर खोड होतं. मातीतून काढून पुसून ठेवलेलं. कौसा म्हणाली, "खाऊन बघा." मी चावलो. तेवढं गोड मी फडात कधी खाल्लं नव्हतं. ती म्हणाली, "ही सगळी गोडी मातीत ठिवून आलतात तुमी. कारखान्याचा माणूस उद्या सकाळी फड बघणार व्हता. सगळ्या टोळीला हाकललं असतं." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय. दुपारी, तुमी गाडीसंगं गेल्यावर, बुडखी काढली."  तिच्या तळहातांवर फोड होते आणि बोटं मिटत नव्हती. सगळ्यांसमोर ती मला काही म्हणाली असती तर मी उलटून बोललो असतो. मी तसाच होतो. तिनं कुणाला सांगितलंच नाही, त्यामुळं मला उलटून बोलायला जागाच राहिली नाही. त्या दिवसानंतर मी आयुष्यात एकही ऊस वरून तोडला नाही. लोक म्हणतात मिशा आल्या की माणूस मोठा होतो. मला मिशा आधीच होत्या.

हे सगळं मी कोपीत बसून आठवत होतो आणि बाहेर सायली पोरगी "आजोबा, आजोबा" करत शोधत होती, कारण मढ्यांची पाळी आली होती. लढाईचं चित्रण होतं. आम्ही मढी चारी बाजूंनी चालून जायचं आणि जित्यांनी रबराच्या कोयत्यांनी आमच्या माना तोडायच्या. साहेबानं हात वर केला, आम्ही निघालो. आणि कौसा, रंभाजी, त्यांच्या दोन्ही तटांतली सगळी म्हातारी माणसं एका दमात कमरेत वाकली आणि आमच्या घोट्यांवर तुटून पडली. एकानंही कोयता वर उचलला नाही. माझ्या पायावर कौसाचा घाव असा बसला की रबर असूनही मी खाली बसलो. साहेब पळत आला.

"मान, आजी. मानेवर मारायचं."

"मानेत काय साखर हाय व्हय?" कौसा म्हणाली.

पुन्हा घेतलं. पुन्हा घोटे. रंभाजीनं कोयता डोक्यावर धरून बघितला आणि म्हणाला, "साहेब, हात वर जात न्हाई. हातालाच ठावं न्हाई." पाच वेळा झालं. शेवटी साहेब खुर्चीत बसून बराच वेळ छोट्या पडद्यावर बघत राहिला आणि म्हणाला की असंच ठेवू, हे कुणी कधी बघितलं नाही. आता मालिका टीव्हीवर येऊन गेली आहे आणि लोक नेमकं तेच आठवतात. नेकनूरच्या बसमध्ये कंडक्टर मला म्हणतो, "ओ मढं, घोटे सांभाळा, पुढं सरका." मी सरकतो.

त्या लढाईच्या चौथ्या दिवशी कौसा गेली. पोरगा आणि सून कारखान्यावरून आली, सगळं झालं, तेरावा झाला, आणि ती दोघं परत फडावर गेली. थांबतो म्हणत होती, मीच घालवली. टोळीला एक कोयता कमी पडला की बाकीच्यांवर भार येतो. चौदाव्या दिवशी दुपारी सायली आली. डोक्यावर ओढणी घेऊन आली होती, कुणी शिकवलं तिला कोण जाणे. ओट्यावर बसली आणि हातातला कागद बराच वेळ उलटसुलट करत राहिली.

"आजोबा, आजींचं दोन दिवसांचं काम राहिलं होतं. त्यांचं झालेलं चित्रण दाखवायला वारस म्हणून तुमची सही लागते."

"आन. करतो."

"पण आधी शेवट सांगायला पाहिजे." ती खाली बघत म्हणाली. "शेवटी विहीर आजींना मिळणार होती. आता ते करता येत नाही. मग साहेबांनी असं लिहिलंय की आजी मरतात. आजींसारखं लुगडं नेसवून दुसऱ्या बाईला पाठमोरं घेणार. आणि विहीर रंभाजी आजोबांच्या तटाला जाते."

"मरती म्हंजे कशी?"

ती ओढणी सारखी करायला लागली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "नवरा चावतो."

म्हणजे मी. मी रंग लावून, वाकडी मान करून, तिचं लुगडं नेसलेल्या बाईला मागून धरायचं आणि चावायचं. आणि ते गेवराईपासून घाटनांदूरपर्यंत सगळ्यांनी जेवता जेवता बघायचं. मी तो कागद घेतला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"ती एकदा मेली. तवा मी ओट्यावर बसलो व्हतो, चहाची वाट बघत. दुसऱ्यांदा मरायची न्हाई. सांग तुझ्या साहेबाला."

तिनं फोन लावला, अंगणात जाऊन बोलली, परत आली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं असं की म्हातारीला जिती ठेवायची तर ती गावातून निघून गेली असं दाखवता येईल, पण मग विहीर तिचीच राहते, आणि रंभाजी जिंकत नाही. विहिरीवर उभं राहून त्याचं मोठं भाषण आहे, त्याला ते तोंडपाठ झालंय, सगळ्या गावाला त्यानं म्हणून दाखवलंय. ऐन वेळी त्याच्याकडून काढून घेतलं आणि तो उठून गेला तर मालिका तिथंच अडकते. रंभाजी कबूल असेल तर साहेबाची हरकत नाही. उद्या सकाळी शेवटचं चित्रण, तोवर सांगा.

मी चप्पल घातली आणि खालच्या आळीला गेलो. त्या घरी मी चंद्रभागा गेली तेव्हा गेलो होतो, त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. रंभाजी शेळीला पाला टाकत होता. त्यानं मला बघितलं, पोतं झटकून बसायला टाकलं. मी बसलो आणि काय आहे ते सांगितलं. मला घोळवून बोलता येत नाही.

"म्हंजे हीर मी सोडायची," तो म्हणाला.

"व्हय."

"पोरगी येणार हाय उद्या गेवराईहून. जावई बी. भाषण ऐकायला."

"भाषणाच्या जागी दुसरं बोल काहीतरी. तुझं तोंड कवा बंद असतंय."

तो पाला टाकत राहिला. मग माझं नाव घेऊन म्हणाला, "दगड्या, तुझी बायको गेली म्हणून तू मागशील ते द्यायचं का? माझी गेली तवा मी काय मागितलं व्हतं?"

"काय न्हाई."

"अन् मागितलं असतं तर?"

मी खरं तेच सांगितलं. "कौसानं दिलं असतं. मी न्हाई."

त्यानं हातातला पाला खाली ठेवला. मग समोर येऊन उकिडवा बसला, तंबाखू मळली, मला अर्धी दिली.

"एक सांग. त्या साली नदीकाठच्या फडात तू माझ्या म्होरं कसा गेलतास?"

पन्नास वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कौसा कधी बोलली नाही, मी कधी काढली नाही. मी तंबाखू तोंडात टाकणार होतो, ती हातातच राहिली.

"उंच तोडलता," मी म्हटलं. "वीतभर."

"मला ठावं हाय."

"कौसानं सांगितलं?"

"ती कशाला सांगंल." त्यानं तंबाखू गालात सारली. "गाडी रांगंत लावून दुपारी भाकरी खायला माघारी आलो तर चंद्रभागा न्हाई. बघाय गेलो तर दोघी तुझ्या पातीवर. वाकून. एक एक बुडखं काढत व्हत्या. तुझी बायको एकटीनं तेवढं काढती व्हय बे? एवढीशी व्हती. अर्धी पात माझ्या बायकोनं काढली. मी फड बघणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला सांगायला निघालो, तर चंद्रभागा कोयता घिऊन आडवी झाली. म्हणली, बोललात तर रातच्या भाकरी तुमच्या तुमी थापा."

 इतकी वर्षं मी त्या फोडांचा हिशोब एका बाईच्या हाताशी लावला होता. मला पंगतीत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत चंद्रभागा शेकडो वेळा भेटली असेल. पाणी दिलं, चहा दिला, कसं काय भाऊजी म्हणाली. एकदाही तिच्या डोळ्यांत ते दिसलं नाही. या दोन बाया आम्हा दोघांना सगळ्या जन्मात एकमेकांशी भांडू देत राहिल्या आणि मागून बुडखी काढत राहिल्या.

"तुला खालीच पाडीन," रंभाजी म्हणाला. "उद्या. कॅमेऱ्यापुढं, सगळ्या गावापुढं, पोरीपुढं, जावयापुढं. माझ्या कोयत्यानं. अन् तू पडायचं, पुन्हा उठायचं न्हाई, हात बी हालवायचा न्हाई. एवढं दे. हीर ठिव तिला."

"दिलं," मी म्हटलं.

उठताना त्यानं मला हात दिला, कारण माझा गुडघा धरला होता. मी घेतला. सायलीला वाटेतच गाठून कागदावर सही केली. रात्री मी जेवलो. शेजारणीनं भाकरी आणून दिली होती, ती पूर्ण खाल्ली आणि झोपलो. चौदा दिवसांत पहिल्यांदा लागली झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन रंगाला बसलो. रंगवणारी मुलगी म्हणाली, आज थोडाच लावू का. मी म्हटलं, नेहमीइतका लाव. विहिरीभोवती सगळं गाव जमलं होतं, म्हणजे जेवढं गाव उरतं तेवढं. रंभाजीची मुलगी आणि जावई पुढं बसले होते. साहेबानं हात वर केला. मी पाय ओढत निघालो. रंभाजी विहिरीच्या कठड्यापाशी उभा होता. जवळ गेलो तसा तो कमरेत पुरता वाकला आणि घोट्यावर घाव घातला. तो घाव चांगला होता. मी पडलो तो तोंड एका बाजूला करून, डोळे मिटून, बोललो होतो तसा. मातीचा वास येत होता. वरून रंभाजीनं त्याचं नवं बोलणं म्हटलं, लांब भाषणाच्या जागी एवढंच उरलं होतं त्याला. "म्हातारी उसाला गेली हाय. माघारी येईल. तवर हिरीला कुणी हात लावायचा न्हाई."

पहिल्या वेळी त्याचा आवाज मधेच अडकला. साहेब म्हणाला, पुन्हा घेऊ. मी उठलो नाही, म्हटलं इथूनच घ्या. दुसऱ्या वेळी त्यानं स्वच्छ म्हटलं, कुणाच्या तरी अंगणात हाक मारून सांगावं तसं. साहेब म्हणाला, झालं, छान झालं, आणि माणसं सामान गोळा करायला लागली. मी तसाच पडून होतो. सायली वाकून म्हणाली, "आजोबा, उठा, संपलं."

मी डोळे उघडले नाहीत. "अजून एकदा म्हण बे, रंभ्या," मी म्हटलं.

कॅमेरा बंद झाला होता. त्यानं तरी म्हटलं.